टक् आवाजाचा हिशेब

२००९ सालच्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाचा इंटरकॉम बिघडला. पार बंद पडला असता तरी परवडलं असतं. बेळगावची मुख्य इमारत आणि खानापूरची शाखा यांच्यामध्ये एका कंपनीकडून भाड्याने घेतलेली लाईन होती. दोन्ही टोकांना एकेक छोटं एक्स्चेंज आणि मध्ये ही ट्रंक लाईन. बोलणं व्हायचं, पण मधूनच कानात ‘टक्’ व्हायचं. माणसाचा कान असल्या आवाजाकडे दुर्लक्ष करतो. फॅक्सला ते जमत नाही. अंतर्गत गुणांची यादी खानापुरातून निघायची आणि अर्ध्या पानावर तुटायची. शेवटी शिपाई एसटीने कागद घेऊन यायचा.

मी अर्थशास्त्र शिकवतो. तरी हे लोढणं माझ्या गळ्यात आलं, कारण आमचे आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. डॉक्टरच्या मुलाला इंजेक्शन देता येतं, असा प्राचार्यांचा समज असावा.

कंपनीचा माणूस आला. खानापूरला आपल्या पेटीपाशी त्याने लाईनची येणारी आणि जाणारी बाजू एकमेकींना जोडली. याला ‘लूप’ म्हणतात. बेळगावहून निघालेला संदेश तिथून तसाच परत येतो आणि वाटेत काही बिघडलं असेल तर कळतं. तासभरात एकही चूक निघाली नाही. “लाईन स्वच्छ आहे सर, दोष तुमच्याकडचा,” असं म्हणून कागदावर माझी सही घेऊन तो गेला.

मग उरलं काय? कंपनीच्या पेटीपासून आमच्या खानापूरच्या एक्स्चेंजपर्यंतची शंभरेक फूट केबल. ती टाकली होती प्रयोगशाळेतल्या आमच्या सहायकाने. पंचविशीतला पोरगा, कंत्राटी. भिंतींना ओल आलेली, बाहेर खानापूरचा पाऊस. मला कोडं सुटल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, “सर, तारेत काय नाही. दोनदा काढून जोडलीय.” मी नवी केबल टाकून घेतली. टक् तसंच. तेव्हा मी म्हणालो, ही पण यानेच जोडली ना! आणि प्राचार्यांना लेखी टिपण दिलं : केबलची जोडणी निष्काळजीपणाची.

एका शनिवारी आप्पा महाविद्यालयात आले होते. सहज सांगावं म्हणून मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खानापूरला फोन लावायला सांगितला, तिथल्या शिपायाला “नुसता फोन धरून बस” म्हणाले आणि रिसीव्हर कानाला लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं. मला वाटलं, म्हातारपण.

“वीस सेकंद,” ते म्हणाले. “दर खेपेला वीसच. तार भिजली तर ती अशी वेळ पाळत नसते रे. कधी दहा वेळा खरखरेल, कधी तासभर गप्प बसेल. हे घड्याळाचं काम आहे बघ. दोन्हीकडं घड्याळ कुणाचं लावलंय?”

घड्याळ? मी स्क्रीन उघडली. त्या लाईनवर दर सेकंदाला ८००० चौकटी धावतात. प्रत्येक चौकटीत ३२ कप्पे, त्यातले ३० बोलण्यासाठी. या चौकटी कोणत्या ठेक्यावर पाठवायच्या, हे एक्स्चेंजमधलं घड्याळ ठरवतं. नियम असा, की एका टोकाने ठेका धरायचा आणि दुसऱ्याने तो लाईनवरून ऐकून घ्यायचा. आमच्याकडे दोन्ही टोकं आपापल्या ठेक्यावर चालली होती. फरक दहा लाखांत सहाचा, म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा सेकंद. पण एक चौकट सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाएवढी असते. एवढी तफावत साठायला वीस सेकंद पुरतात. मग घेणारं टोक एक चौकट गाळतं किंवा तीच दुसऱ्यांदा वापरतं. तेच आमचं टक्.

स्क्रीनवर दोन आकडे वेगवेगळे होते. संदेश वाटेत बिघडल्याच्या चुका शून्य, आणि चौकट घसरल्याच्या, ज्यांना ‘स्लिप’ म्हणतात, त्या हजारोंनी. केबल खराब असती तर पहिला आकडा हलला असता. मी आजवर फक्त बेरीज पाहत होतो.

“पण मग लूपच्या वेळी कसं स्वच्छ आलं?” मी विचारलं.

आप्पा हसले. “तुझाच ठेका फिरून तुझ्याकडं आला की. आपलं घड्याळ आपल्याच घड्याळाशी लावून बघितल्यावर चुकेल कशाला?”

खानापूरच्या एक्स्चेंजला ‘घड्याळ लाईनवरून घे’ असं सांगायला दोन मिनिटं लागली. त्या संध्याकाळी सात पानांचा फॅक्स अखंड आला. आप्पांनी चहा मागवला, साखर जास्त.

सोमवारी मी दुसरं टिपण दिलं, पहिलं मागे घेतो म्हणून. कारकुनाने ते वाचलं आणि त्याच फाइलमध्ये पहिल्याच्या मागे लावलं. पोराचं कंत्राट आदल्या आठवड्यात संपलं होतं. नूतनीकरणाच्या कागदावर माझं पहिलं टिपण जोडलेलं होतं.

तो उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लागल्याचं कळलं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन भेटलो. दारातच उभ्याने सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हणालो. त्याने डबा बंद केला, हात पुसले. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने एवढंच विचारलं, “मग सर, दोन्हीतलं बरोबर घड्याळ कुठलं होतं?”

दोन्ही बरोबर होती, ठरलेल्या मर्यादेच्या आतच होती, असं मी सांगितलं. तो मान हलवत “असं होय” म्हणाला. तेवढ्यात भोंगा झाला आणि तो आत गेला.