आमची बिनतारी गाडी

मुलांच्या निमित्तानें खेळणें घरांत आणावयाचें आणि त्याशीं आपणच खेळावयाचें, हा मोठ्या माणसांचा जुना प्रघात आहे. आम्हीही त्यास अपवाद नाहीं. गेल्या दिवाळींत आमचा दहा वर्षांचा पुतण्या ओंकार याच्यासाठीं आम्हीं रेडिओलहरींवर चालणारी विजेची मोटारगाडी घेतली, तेव्हां "मुलाची हौस" म्हणून सर्वांनीं मान डोलाविली. ती हौस वस्तुतः कोणाची होती, हें आमच्या मातोश्रींनीं मात्र तत्काळ ओळखलें!

पूर्वीं एकदां अशीच एक स्वस्त गाडी आणिली होती. तिचें एक दांतेरी चाक तुटलें, तसें दुसरें कोठेंही मिळेना, आणि आठ दिवसांत ती माळ्यावर गेली. म्हणून ह्या खेपेस एका माहितगार स्नेह्यांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "पहिली गाडी अशी घ्या, कीं जिचा प्रत्येक भाग उघडतां येतो आणि सुटा विकत मिळतो. वेगाचा विचार मागाहून करा." हा सल्ला लाखमोलाचा होता. नवशिक्याची गाडी भिंतीवर आदळावयाची हें ठरलेलेंच. आदळल्यावर ती दुरुस्त होते कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न.

त्याप्रमाणें खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची, साध्या ब्रशवाल्या मोटरची गाडी घरीं आली. ब्रशरहित मोटर अधिक वेगवान् व टिकाऊ खरी. परंतु ती महाग, आणि ज्यास अजून धड वळण घेतां येत नाहीं त्याच्या हातीं तेवढा वेग देणें म्हणजे माकडाच्या हातीं कोलीत देणेंच होय. येथें माकड म्हणजे ओंकार नव्हे, हें सांगावयास नकोच.

गाडीच्या रचनेंत गूढ असें कांहीं नाहीं. हातांतील रिमोट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून दोन आज्ञा पाठवितो: किती वळावें आणि किती धांवावें. पहिली आज्ञा सर्व्हो नांवाचें चिमुकलें यंत्र पाळतें व पुढचीं चाकें वळवितें. दुसरी वेगनियंत्रक पाळतो. बॅटरींतील किती वीज मोटरला द्यावी हें तो ठरवितो. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं एक लहान नौका चालवून लोकांस थक्क केलें होतें. तोच चमत्कार आतां आमच्या पटांगणांत रोज संध्याकाळीं होऊं लागला. एक नियम आम्ही प्रथमच शिकलों: आधीं रिमोट सुरू करावा, मग गाडी; बंद करतांना आधीं गाडी, मग रिमोट. नाहीं तर गाडी कोणाचेंच ऐकेनाशी होऊन भलतीकडे धांवण्याचा संभव असतो.

गाडीबरोबर निकेलची बॅटरी आली होती: १.२ व्होल्टचे सहा घट, मिळून ७.२ व्होल्ट. संक्रांतीच्या सुमारास आम्हीं हौसेनें ७.४ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी आणिली. ती वजनास हलकी, आणि तिचा जोर बहुतेक अखेरपर्यंत टिकतो. आम्हींच ती गाडींत बसविली. पुढील रविवारीं ओंकार गाडी खेळून घेऊन आला, तों बॅटरी टम्म फुगलेली! आमचा पारा चढला. गाडी मंदावल्यावरही तूं ती दामटलीस, असा आरोप आम्हीं सर्वांदेखत केला. तो हलक्या आवाजांत म्हणाला, "नाहीं काका, मंदावतांच मीं थांबविली." आम्हीं त्यास खोटारडा ठरविलें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं.

सगळे निजल्यावर आम्हीं माहितीपुस्तिका उघडली. ती तोंवर कपाटांत कोरीच पडून होती. लिथियमचा घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट असतो, आणि तो ३ व्होल्टच्या खालीं जातां कामा नये. वेगनियंत्रक वेळींच वीज तोडून त्याचें रक्षण करतो. परंतु बॅटरी कोणत्या जातीची आहे हें त्यास एक बारीक खिट्टी हलवून सांगावें लागतें. आम्हीं ती हलविलीच नव्हती. निकेलची मर्यादा फार खालची. त्यामुळें गाडी मंदावेपर्यंत घट मर्यादेखालीं गेले होते. मुलगा अक्षरशः खरें बोलला होता.

सकाळीं चहाच्या वेळीं, जेथें आरोप केला त्याच मंडळींसमोर, चूक आमची होती असें आम्हीं ओंकारास सांगितलें. बोलणें जड गेलें. मातोश्री म्हणाल्या, "अरे, मुलाचें नाहीं तर नाहीं, निदान त्या पुस्तकाचें तरी आधीं ऐकायचें होतेंस!" ओंकार मात्र एवढेंच म्हणाला, "काका, ती खिट्टी कोठें आहे तें मला दाखवा."

फुगलेली बॅटरी आम्हीं पुन्हा भरली नाहीं, कीं कचऱ्यांतही टाकली नाहीं. वाळूच्या डब्यांत घराबाहेर ठेवून ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोंचविली. आतां नवी बॅटरी घट समतोल भरणाऱ्या चार्जरवरच, फरशीवर आणि कोणीतरी जवळ बसलेलें असतांनाच भरली जाते. कांहीं दिवस खेळ नसेल तर ती पूर्ण भरून न ठेवतां दर घटास ३.८ व्होल्टच्या सुमारास ठेवितों. हे नियम ओंकारानें स्वहस्तें लिहून कपाटाच्या दारावर चिकटविले आहेत. पहिला नियम त्यानें आम्हांस न विचारतांच घातला: "आधीं पुस्तिका वाचावी. मग रागवावें."

आम्हीं तो कागद अजून काढलेला नाहीं.