मोतीचा फराळ

नाशिकचा लौकिक दोन जिनसांवर: द्राक्षे आणि कांदा. आणि गंमत पाहा, या दोन्ही जिनसा कुत्र्याला विष!

कांदा कच्चा असो वा तळलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षे आणि मनुका त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पशुवैद्यांनी या द्राक्षबाधेची दखल घेतली २००१ च्या सुमारास. २०२१ मध्ये संशय टार्टारिक आम्लावर गेला. ते चिंचेतही असते. म्हणजे मनुका लावलेला लाडू, कांद्याचा चिवडा, चिंचेची चटणी, सारेच बाद!

सासूबाईंना हे पटेना. मोतीला दिल्यावाचून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणाल्या, "चार मनुकांनी काय व्हायचंय?"

मी म्हटले, "आई, एकाला पचतात, दुसरा तेवढ्यानेच दगावतो. आपला मोती कुठला, हे कसं ओळखायचं?"

त्या गप्प झाल्या. मी एवढेच जोडले, की चुकून खाल्लेच तर उलट्यांची वाट पाहायची नाही. तडक दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या दिवशी आईंनीच तोड काढली. फडताळात मोतीचा वेगळा डबा आला: बिनमिठाच्या भाकरीचे तुकडे आणि बिया काढलेल्या सफरचंदाच्या फोडी. जोडीला वाफवलेला तांबडा भोपळा. शिजवलेल्या हाडाच्या चिरफळ्या घशात रुततात, म्हणून चघळायला गाजर.

यंदा आम्ही फराळाला बसलो, की मोतीही बसेल. लाड तेवढेच, डबा मात्र निराळा.