उसवणं आणि फाटणं

फेब्रुवारीतली दुपार. मुंबईहून गोव्याला निघालेली आमची तीस फुटी शिडाची बोट देवगडच्या बाहेर होती. वायव्येचा वारा जोर धरत होता. तेवढ्यात मोठ्या शिडातून टर्रकन आवाज आला. वर पाहिलं, तर मागच्या कडेपासून हातभर फट पडली होती आणि तिच्यातून आभाळ दिसत होतं. "फाटलं!" मित्र ओरडला. आम्ही शीड उतरवलं, इंजिन लावून देवगडच्या बंदरात शिरलो आणि नांगर टाकला. मग शीड मांडीवर घेऊन नीट पाहिलं. कापडाला काहीच झालं नव्हतं. दोन पट्ट्या जोडणारा दोरा मात्र उन्हाने इतका कुजला होता की नखाने ओढला तर भुगा होऊन हातात येत होता. शीड फाटलं नव्हतं, उसवलं होतं.

या दोन गोष्टींना आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, याचं मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. उसवलेलं पुन्हा शिवता येतं. फाटलेल्याला ठिगळ लागतं.

जुन्या गलबतांची शिडं सुती असत. सुती कापड मऊ, त्यामुळे टाका त्यात रुतून बसे. आताची शिडं पॉलिएस्टरची, कडक आणि गुळगुळीत. टाका त्यांच्यात रुतत नाही, वर उभा राहतो. दोरखंडाला घासतो तो टाका आणि ऊन सर्वांत आधी खातो तोही टाकाच. म्हणून शीड जुनं व्हायला लागलं की आधी शिवण जाते, कापड त्यानंतर. मग दोरा आणखी जाड आणि दणकट का वापरू नये? मीही आधी तसंच म्हणत होतो. पण जाड दोऱ्याला जाड सुई लागते आणि जाड सुई मोठं भोक पाडते. मोठ्या भोकांची ओळ म्हणजे पोस्टाच्या तिकिटांची कड. ताण आला की दोरा शाबूत राहतो आणि कापड त्या ओळीवर सरळ सुटतं. म्हणजे उसवायच्या ऐवजी फाटतं. शिवणीने कापडाच्या आधी हार मानायची असते, हे त्या दिवशी कळलं.

ती रात्र आम्ही हाताने शिवण्यात घालवली. तळहाताला चामड्याचा पट्टा बांधायचा, त्यातल्या लोखंडी चकतीने सुई रेटायची. शिडाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मित्र. तो सुई परत पाठवायचा. जुन्याच भोकांतून टाके घातले, म्हणजे कापडाला नवी इजा नाही. हाताच्या शिवणीचं हे सुख मशीन कधीच देऊ शकत नाही. पण हातभर शिवणीला तीन तास लागले आणि दोन बोटं सुजली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटा, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आला, तो आपल्या मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी 'सुहेली'वरून. दहा महिन्यांहून जास्त काळाच्या त्या सफरीत शीड शिवताना त्याची मिशीच दोऱ्याच्या गाठीत अडकली आणि हिसका देऊन सोडवावी लागली. मला मिशी नाही. तरी घरी पोचल्यावर मी जाहीर केलं, की बोटीवर शिलाई मशीन पाहिजे.

पहिली चूक मी लगेच केली. मी जहाजावर इंजिनिअर म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. तरी चकचकीत, हलकं, पन्नास-साठ तऱ्हेचे टाके घालणारं, बटणांवर चालणारं घरगुती मशीन उचलून आणलं. पहिला पावसाळा ते बोटीवरच राहिलं. ऑक्टोबरात चालू केलं, तर पडद्यावर एक आकडा लुकलुकला आणि मशीन गप्प झालं. उघडलं. आत सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावर मिठाने चढलेला हिरवट गंज. आयुष्यभर इंजिनं उघडून बसवली, पण त्या पट्टीपुढे माझ्या हातातल्या पान्याला काही कामच नव्हतं. ते मशीन उसवलं नव्हतं, फाटलं होतं.

मग मी अभ्यासाला लागलो. शिडाला सरळ टाका चालत नाही, झिगझॅग लागतो. वाऱ्याचा झोत आला की कापड किंचित ताणतं. सरळ टाक्याच्या दोऱ्याला तेवढी ढील नसते, तो तुटतो. नागमोडी टाका स्प्रिंगसारखा लांबतो आणि परत येतो. दुसरी गरज सुईच्या ताकदीची. कोपऱ्यांवर कापडाचे सहा-आठ थर येतात. शिवाय मशीनचे खालचे दात खालचा थर पुढे ढकलतात, वरचा मागे राहतो आणि शिवण सुरकुतते. यासाठी कापड दाबणारं वरचं फूटही चालतं अशी मशिनं मिळतात. अमेरिकेतली सेलराइट कंपनी खास बोटींसाठी असं मशीन बनवते. वीज नसली तर ते जड चाक लावून हाताने फिरवता येतं. जुन्या शिडवाल्यांना जर्मनीच्या फाफ कंपनीचं १३० नंबरचं लोखंडी मशीनही आवडतं. दोन्ही उत्तम. पण माझ्या पेन्शनीतून सेलराइट इथवर आणायचं म्हणजे शिडापेक्षा मशीन महाग, आणि फाफचा एखादा भाग मोडला तर तो गोव्यात कुठे शोधायचा?

जेवणाच्या टेबलावर मी कागदावर झिगझॅगचं चित्र काढून सौभाग्यवतींना हे सगळं समजावत होतो. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर पिको!"

मी गप्प झालो. प्रत्येक गावात, प्रत्येक बाजारात, ब्लाउजच्या दुकानाबाहेर 'पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी असते. साडीची कड उसवू नये म्हणून तिच्यावर बारीक नागमोडी टाका मारणारं ते काळं, लोखंडी मशीन. इतकी वर्षं मी त्या पाटीखालून गेलो होतो.

म्हापशाला एका मशीन दुरुस्तीवाल्या काकांकडे जुनं पिको मशीन मिळालं. खिशात शिडाचा तुकडा घेऊनच गेलो होतो. काकांनी तो हातात घेऊन वाकवला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "साडीची सुई यात मोडेल. अठरा नंबर लावा. आणि वेग नको, हाताने फिरवा." सहा थर घातले, चाक हाताने फिरवलं. सुई खटकन खाली गेली आणि टाका बसला. ओळखीच्या लेथवाल्याकडून चाकाला लाकडी मुठीचं हँडल बसवून घेतलं. मोटार काढून ठेवली.

मग काकांनी मला अर्धा दिवस बसवून घेतलं. बॉबिन केस काढायची, तिच्यातला कापसासारखा गोळा साफ करायचा, शटलची सुईशी वेळ कशी जुळवायची, दोऱ्याचा ताण वरून कधी कमी करायचा आणि खालून कधी. "मशीन अडलं की नव्वद टक्के सुई किंवा दोरा," ते म्हणाले, "उरलेले दहा टक्के तेल." मिठाच्या हवेत दर पंधरा दिवसांनी तेल, आणि वर तेलकट फडकं गुंडाळायचं.

या मशीनमध्ये उणिवा आहेत. वरचं फूट चालत नाही, म्हणून शिवायच्या आधी दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने जोडून घ्याव्या लागतात. हाताखालची जागा अरुंद. त्यामुळे शीड दोन्ही बाजूंनी पोथीसारखं गुंडाळून आत सरकवावं लागतं, आणि एकाने चाक फिरवायचं तर दुसऱ्याने ते भेंडोळं ओढायचं. लोखंड पंधरा-सोळा किलोचं. बोट कलली तर तोफगोळाच, म्हणून ते तळाच्या कप्प्यात पेटीत, दोरीने आवळून. चामड्याचे कोपरे त्याला झेपत नाहीत, ते आजही हाताने. दोराही शिंप्याकडचा चालत नाही. उन्हाला टिकणारा अखंड धाग्याचा पॉलिएस्टर लागतो. नायलॉन ताकदीने भारी, पण उन्हापुढे लवकर नांगी टाकतो.

तरी हेच मशीन ठेवलं, कारण त्याचं काहीही बिघडलं तरी ते उसवल्यासारखं बिघडतं. स्क्रू सुटतो, सुई मोडते, ताण चुकतो, गंज चढतो. प्रत्येक बिघाडाला एक टोक असतं, ते धरून मागे जाता येतं. मी तीस वर्षं यंत्रं किती ताकदीची आहेत हे पाहत आलो. दुरुस्तीच्या यंत्राची पारख वेगळी असते. समुद्रावर शीड शिवायला घेतलेलं मशीन बंद पडलं, तर ते दुरुस्त करायला तिथे दुसरं कोणी नसतं.

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात घातली. आधी अंगणात शीड पसरलं आणि सगळ्या जुन्या शिवणींच्या शेजारून नवी ओळ मारली. मी चाक फिरवलं, सौभाग्यवतींनी भेंडोळं ओढलं. चार दिवस लागले.

कोणी बोटीसाठी मशीन घ्यायला निघालं असेल, तर एवढंच सांगतो. दुकानात आधी टाका बघू नका. मशीन आडवं करा आणि खालचे स्क्रू बघा. ते तुमच्या हाताने उघडत असतील, तरच खिशातला शिडाचा तुकडा बाहेर काढा.