खुनी कोण, हे नावावरून

निवृत्त झाल्यापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. पाच वाजल्यापासून मगरीबच्या अजानपर्यंत पुस्तकांची देवघेव सांभाळायची. पगार नाही, चहा मिळतो. वाचक येतात आणि निम्मे तरी एकच मागणी करतात, "सर, झोप उडेल असं काहीतरी द्या."

विनोदी पुस्तक सुचवणं सोपं असतं, त्यातला एखादा किस्सा ऐकवला की काम झालं. रहस्यकादंबरीचं काय सांगणार? तिच्यात जे सांगण्यासारखं असतं तेच नेमकं सांगायचं नसतं. आमच्याकडच्या एका पुस्तकात बाराव्या पानावर कुणा महाभागानं पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी खोडलं, पण ठसा राहिलाच.

म्हणून मी पुस्तकाऐवजी माणूस बघतो. एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा फक्त बाबुराव अर्नाळकर वाचतात. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या आमच्या कपाटात चाळीसेक उरल्या आहेत. चाचा त्याच फिरवून फिरवून नेतात. झुंजार कसा सुटला हे ते दर वेळी विसरलेले असतात. त्यांच्याइतका सुखी सभासद दुसरा नाही. कॉलेजातल्या एका मुलीला दाफ्ने द्यु मोरिए हिची 'रिबेका' इंग्रजीतून दिली, तर तिसऱ्या दिवशी ती विचारायला आली, "सर, गोष्ट सांगणाऱ्या बाईचं नाव कधी कळणार?" मी म्हटलं, वाच. ते शेवटपर्यंत कळत नाही, पण हे मी कसं सांगू?

मुद्द्यावर येतो. आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा आहे, बारावी झालेला, मोबाईलच्या दुकानात काम करतो. त्याला मी माझ्या तरुणपणी आवडलेली एक मराठी कादंबरी मोठ्या हौसेनं दिली. लेखकाचं नाव सांगत नाही, ते आता हयात नाहीत. दुसऱ्याच दिवशी पोरानं ती टेबलावर ठेवली. एवढ्यात संपली?

"नै सर, आधीच पढ्या. खूनी कौन है मालूम पड्या."

"कसं काय?"

"पूरी किताब में आपनाच एक आदमी है ना." तो हसला. तक्रार करत नव्हता, गणित सुटल्यासारखं सांगत होता.

आणि त्याचं बरोबर होतं. त्या रात्री मी कादंबरी पुन्हा काढली. गोदीवरचा तो माणूस, डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, तोंडात मोडकं हिंदी. पहिल्या प्रवेशापासून त्याच्यावर बोट ठेवलेलं आहे. विसाव्या वर्षी हे वाचताना मी सगळ्यांसारखाच थरारलो होतो. तो माणूस माझ्या चुलत्यासारखा दिसतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लेखकावर मी फारसा चिडलो नाही. चिडलो ते स्वतःवर, कारण चाळीस वर्षं मी हे पुस्तक लोकांना देत आलो होतो.

मग अब्बांची ट्रंक आठवली. तिच्यात इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'चे उर्दू अंक होते. ही मालिका 1952 मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही तिच्यातली जोडी. वर्गातला माझा मित्र तीच पुस्तकं हिंदीतून वाचायचा, आणि हिंदीत फरीदीचा विनोद केलेला होता. हमीद मात्र हमीदच राहिला. त्याचा विनोद, माझा फरीदी, हमीद दोघांचा. नायकाचं नाव का बदललं, हे आम्ही कधी विचारलं नाही. फरीदी नावाचा नायक हिंदी वाचकाला रुचणार नाही असं कुणाला तरी वाटलं असावं. हमीद साहाय्यक होता, तो चालला.

पोराला उर्दू लिपी येत नाही. त्याला पुढचं काय द्यावं हा प्रश्न मला चार दिवस छळत होता. 'ज्यात आपला माणूस चांगला आहे' असं पुस्तक शोधून देणं मला पटेना. मग तो पुन्हा नाव बघूनच ओळखणार, फक्त उलट्या दिशेनं. शेवटी अगाथा ख्रिस्तीची 1939 ची ती बेटावरची कादंबरी दिली, इंग्रजीच. दहा माणसं, आणि पहिल्याच रात्री ग्रामोफोनची तबकडी दहाही जणांवर खुनाचा आरोप वाचून दाखवते. ख्रिस्ती काही धुतल्या तांदळासारखी नाही. या पुस्तकाचं मूळ ब्रिटिश नावच काळ्या माणसांना दिली जाणारी शिवी होती, ते पुढे बदलावं लागलं. ज्यूंबद्दलचे तिचे शेरेही वाचवत नाहीत. हे मी पोराला आधीच सांगितलं. तो म्हणाला, "बघतो."

सतरा दिवस पुस्तक आलं नाही. मुदत पंधरा दिवसांची, रोज एक रुपया दंड. अठराव्या दिवशी तो आला आणि तीन रुपये टेबलावर ठेवले.

"ओळखलास?"

"तीन बार पकड्या सर. तीनों बार वोच आदमी मर गया."

मग पेन्सिल मागितली. मी दिली नाही.