अर्पणाचा हिशेब मंडळीपुढे

वार्षिक सभेत खजिनदार हिशेब वाचायला उभे राहिले की मागच्या बाकांवरची माणसं हळूच चपला शोधू लागतात. लहान मंडळ्यांमध्ये हे दृश्य सर्रास दिसतं. त्याचा अर्थ लोकांना पैशाची फिकीर नाही असा घेतला जातो. खजिनदारकी सांभाळल्यावर मला उलटंच दिसलं. लोकांना फिकीर असते, पण वाचलेल्या आकड्यांत त्यांना आपण कुठेच सापडत नाही.

मी राहते शहापूरला, नागपूर-भंडारा महामार्गावर. शेजारीच जवाहरनगरची आयुध निर्माणी. आमच्या मंडळीत निर्माणीतून निवृत्त झालेले पेन्शनर आहेत, नर्सेस आहेत, माझ्यासारख्या शिक्षिका आहेत आणि आसपासच्या गावांतले धानवाले व रोवण्याला जाणाऱ्या मजूर बायाही आहेत. पाळकसाहेबांनी आणि पास्टोरेट कमिटीने वही माझ्या हाती दिली ती मी शाळेत गणित शिकवते म्हणून. पण बेरीज-वजाबाकी हा या कामाचा सोपा भाग निघाला.

वही घेतल्यावर लगेचच भक्तीनंतर एका वयस्क बाईने मला दाराशी गाठलं. मजुरीवर जगणारी, पण अर्पण कधी न चुकवणारी. तिने विचारलं, ‘बाई, आमी पयसे देतो, पन ते कोटी जातेत?’ तिच्या आवाजात संशय नव्हता, साधी उत्सुकता होती. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते अनुसूची 8 च्या ताळेबंदात आणि अनुसूची 9 च्या जमा-खर्चात होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे लेखापरीक्षण दरवर्षी झालंच पाहिजे. ते धर्मादाय कार्यालयाला पुरतं, त्या बाईला पुरत नाही.

या अंतराला जुना इतिहासही आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, तेव्हापासून या भागात स्कॉटिश मिशनचं काम उभं राहिलं. भंडाऱ्यालाही मिशनचा दवाखाना होता. इमारती, पगार, औषधं या सगळ्याचा मोठा भार परदेशातल्या देणग्यांवर होता आणि हिशेबही तिकडेच जायचा. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहायचं हे ठरलं खरं, पण आधीच्या पिढ्यांना हिशेब ऐकायची आणि विचारायची सवय लागलेलीच नव्हती. मोठ्या माणसांचं मोठ्या माणसांनी पाहावं, ही भावना घरांमध्ये उतरत आली होती.

म्हणून मी सुरुवात अगदी लहान केली. एका रविवारी भक्तीनंतर टेबलावर दहाच्या दहा नोटा ठेवल्या आणि संडे स्कूलच्या मुलांना पुढे बोलावलं. ‘हे आपलं शंभर रुपयांचं अर्पण. आता हे वाटू या.’ एकेका मुलाच्या हाती एकेक खर्च दिला: पाळकांचं वेतन आणि डायोसिसला द्यायचा वाटा, लाइट बिल, संडे स्कूल, कब्रस्तानाची देखभाल, आजाऱ्यांची मदत. वहीतल्या प्रमाणाने नोटा वाटल्या. सर्वांत जास्त नोटा वेतनवाल्या मुलाच्या हातात गेल्या. आजाऱ्यांच्या मदतीसाठी उभी असलेली पोरगी शेवटची एकच नोट घेऊन थांबली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ‘एवढीच?’ त्या एका शब्दावर जितकी चर्चा झाली तितकी कुठल्याही वार्षिक अहवालावर झाली नव्हती. चपला शोधायला कोणी गेलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला फलकावर एकच पान लागतं. आलं किती, गेलं किती, उरलं किती, आणि खाली त्या पैशातून काय घडलं ते दोन-तीन वाक्यांत. नुसतं ‘वैद्यकीय मदत’ लिहिलं तर कोणी वाचत नाही. ‘एका कुटुंबाला नागपूरच्या मेडिकलला ये-जा करायला भाडं दिलं’ असं लिहिलं की माणसं थांबून वाचतात. नाव अर्थातच लिहीत नाही.

नावांचा प्रश्न देणाऱ्यांच्या बाबतीतही येतो. पुष्कळ ठिकाणी कोणी किती दिलं ते मोठ्याने वाचण्याची रीत आहे. दोन हजारांच्या पाठोपाठ वीस रुपये वाचले गेले की वीस देणारा मान खाली घालतो. मंदिराच्या भांडारापाशी बसून येशूने विधवेची दोन नाणी पाहिली आणि सर्वांत मोठं दान तेच ठरवलं. तिच्या मंडळीत आपण तिला लाजवावं हे मला पटत नाही. आता यादी लागते ती पावती क्रमांकाची. आपली पावती खिशातून काढायची, क्रमांक लावून पाहायचा, रक्कम जुळते का ते तपासायचं. खातरी होते आणि अब्रूही राहते.

मोजणीचीही शिस्त आहे. थैली भक्तीनंतर लगेच उघडते, दोघं मोजतात, तिसरा लिहितो, तिघंही सही करतात आणि सोमवारी रक्कम बँकेत जाते. ही रीत नवी नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात योवाश राजाच्या काळी पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवल्याचं आणि राजाचा लेखक व मुख्य याजक यांनी मिळून पैसा मोजल्याचं लिहिलं आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलानेही सोबत विश्वासू माणसं घेतली, ती कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणूनच.

हिशेब आनंदाने सांगायचा म्हणजे तूट झाकायची नव्हे. छप्पर गळायला लागलं तेव्हा मिस्त्रीचा अंदाज मी पावसाआधीच फलकावर लावला आणि शिल्लक किती कमी पडते तेही खाली लिहिलं. पेन्शनरांनी त्याच महिन्यात हात दिला. धानवाल्यांचा हात तेव्हा मोकळा नसतो, रोवण्याचा खर्च डोक्यावर असतो. ते म्हणाले, ‘पैसा धान निघाल्यावर, सध्या आम्ही येतो.’ आणि खरंच दोन दिवस राबून त्यांनी कवेलू फेरले. त्यांची मजुरी मी त्या महिन्याच्या पानावर वेगळ्या ओळीत लिहिली. पगारवाल्याचं वर्ष महिन्यांनी चालतं, शेतकऱ्याचं हंगामांनी. दोघांकडे एकाच तारखेला हात पसरणं हा अन्याय आहे.

कापणीच्या सणाला धानाची पोती, लाखोरी डाळ, कोहळी, एखादा कोंबडा येतो आणि आवारात लिलाव होतो. ज्यांच्या हाती रोकड नसते त्यांचा वाटा या दिवशी भरघोस दिसतो. मिझोरममधल्या मंडळ्यांत बाया रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढतात, ही रीत शंभराहून अधिक वर्षं टिकली आहे. भंडारा तर भाताचाच जिल्हा. मी हे सांगितल्यावर आमच्याकडच्या काही घरांत चुलीजवळ वेगळा डबा आला.

आजाऱ्यांच्या मदतीची ती एकच नोट पुढच्या अंदाजपत्रकात दोन झाली. ठराव त्याच वयस्क बाईने मांडला आणि सभेने हात वर करून मंजूर केला. अर्पण वाढलं का, असं मला इतर मंडळ्यांचे खजिनदार विचारतात. वाढलं, पण मी त्याला दुसरं स्थान देते. पहिलं हे की पैसा कुठे जावा हे आता देणारे ठरवतात. मागण्याआधी सांगा, सगळं सांगा आणि दिलेल्याने काय घडलं ते आधी सांगा. मंडळी ऐकायला थांबते.