आप्पांची थ्री-नॉट-थ्री

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून निपाणीला आला आणि पायातले बूट काढायच्या आधीच म्हणाला, "आबा, मला पणजोबांची रायफल पाहिजे." वय वर्षे बारा. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन, त्यात प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं. ह्यानं पणजोबा निवडले होते.

पणजोबा म्हणजे माझे वडील, आप्पा. मराठा पलटणीतले. १९४२ साली बेळगावात भरती झाले, तिथंच ट्रेनिंग, आणि पुढं इटली. परत आले ते दुखरा गुडघा, इटली स्टार हे पदक आणि बेळगावच्या कॅम्पात काढलेला एक फोटो घेऊन. रायफल सरकारची, ती सरकारजमा झाली. लढाईबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. सेनिओ नदी हे नाव आम्ही दुसऱ्यांकडून ऐकलं. त्यांना विचारलं तर एवढंच म्हणायचे, "रायफल लई जड होती."

नातवानं मोबाईलवर दाखवलं. एअरसॉफ्ट नावाचा प्रकार असतो. जुन्या लष्करी रायफलींच्या हुबेहूब नकला, त्यातून ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडतात. आता मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस. वस्तू घ्यायची तर आधी तिची कागदपत्रं बघणार! आठ दिवस चष्मा लावून बसलो.

पहिला प्रश्न, नेमकी कुठली रायफल? ली-एनफिल्ड म्हटलं की बाजारात दोन तऱ्हा पुढं येतात, नंबर ४ आणि त्याआधीची नंबर १ मार्क ३. बरेच लोक इथंच फसतात. मी आप्पांचा फोटो भिंग लावून बघितला. नळीचं तोंड पुढच्या टोपणाशी येऊन थांबलेलं, नाक चपटं. म्हणजे नंबर १. नंबर ४ ची नळी टोपणाच्या पुढं बोटभर बाहेर येते. शिवाय नंबर १ ची मागची माशी नळीवर, बरीच पुढं असते, तर नंबर ४ ची डोळ्याजवळ. आपल्याकडं बंगालात इशापूरच्या कारखान्यात नंबर १ वर्षानुवर्षं तयार होत होती. लांबी सुमारे साडेचव्वेचाळीस इंच, वजन चार किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, त्या पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी भरायच्या.

हे मला नुसतं वाचून कळलं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ पर्यंत तशीच होती. मी त्याच काळातला विद्यार्थी. कॉमर्सचं पुस्तक काखेत आणि सकाळी परेड. आमच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री असायची. 'कंधे शस्त्र' म्हटलं की खांद्याचं हाड ओरडायचं. घरी येऊन आप्पांना सांगितलं तर ते आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसले होते.

दुसरा प्रश्न, यंत्र कुठलं? एअरसॉफ्टमध्ये स्प्रिंगचं, गॅसचं आणि बॅटरीचं असे प्रकार. बोल्ट ओढून एकेक गोळी झाडायच्या रायफलीला स्प्रिंग बरी. खरीतही दर गोळीला बोल्ट मागं-पुढं करावा लागतोच, आणि गॅसच्या रबरी वायसरांची कटकट नाही. तिसरा प्रश्न, सुटे भाग मिळतात का? जामीनदार नसलेलं कर्ज आणि स्पेअर नसलेलं यंत्र, दोन्ही बुडीत. चौथा, डोळ्यांचं काय? प्लॅस्टिकची गोळी असली तरी डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल आधी आणि रायफल नंतर. पाचवा, कायदा. नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करायला १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवाना लागतो, म्हणून तिला कुणाच्या हातून 'सुधारून' घ्यायचं नाही, हे नातवाला बजावलं.

इतकं सगळं तपासून पुण्याहून एक मागवली. खोक्यातून काढली आणि खरं सांगतो, छातीत धस्स झालं. लांबून बघाल तर आप्पांच्या फोटोतलीच. हातात घेतली तर दोन किलोच्या आत, सगळं प्लॅस्टिक. पण नातू खूश. अंगणात जाऊन त्यानं बोल्ट ओढला, खांद्याला लावली आणि एक डोळा मिटून नेम धरला.

नेम कशावर नव्हता, पण तोंड शेजारच्या कट्ट्याकडं होतं. कट्ट्यावर आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. काही न बोलता उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी मागोमाग गेलो. "आक्का, खोटी हाय ती. खेळणं हाय."

दार किलकिलं झालं. "खोटं हाय ते मला म्हाईत हाय रं. पर माझ्या डोळ्यास्नी म्हाईत न्हाई. पोराच्या हातातलं आधी आत ठेव."

मग मला आठवलं. ६ एप्रिल १९८१. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली आपले शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बैलगाड्या घेऊन बसले होते, त्या जागेला आंदोलननगर नाव पडलं होतं. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. आक्का तिथं भाकरीचं गाठोडं घेऊन गेल्या होत्या. त्यांच्या धाकट्या दिराच्या मांडीत गोळी घुसली होती. मी तेव्हा बदलीच्या गावी होतो, हे सगळं पत्रातून कळलेलं. चाळीस वर्षं शेजारी राहून मी ते विसरलो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या ह्या सीमाभागात रायफल म्हणजे नुसती पलटणीची शान नाही. बेळगावात मराठ्यांचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्याच बेळगावात दर १७ जानेवारीला आपण १९५६ च्या हुतात्म्यांना फुलं वाहतो, तेही गोळीबारातच गेले. आपली घरं रायफलीच्या दोन्ही टोकांना उभी राहिली आहेत. मी आठवडाभर नक्कल विश्वासू आहे का ते तपासत होतो, पण फक्त धरणाऱ्याच्या बाजूनं. समोरच्याच्या बाजूनं तपासलंच नव्हतं.

सकाळी नातवाला शेजारी बसवून सगळं सांगितलं. रडला थोडा. मग म्हणाला, "मग पणजोबांची रायफल कशी दाखवायची?"

एअरसॉफ्ट परत पाठवली आणि आम्ही ओळखीच्या सुताराकडं गेलो. पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट त्याच्याकडं पडून होती. मापं मी दिली, फोटोची मोठी प्रत दिली. नळीला भोक नाही, लाकूड भरीव. आतून लोखंडी सळी घातली, वजनासाठी. बोल्टच्या जागी दाराची जुनी कडी. तोंडाला चार बोटं केशरी रंग, लांबून बघणाऱ्यालाही कळावं म्हणून. वखारीतल्या काट्यावर ठेवली तर भरली ३ किलो ९०० ग्रॅम. खर्च २,८०० रुपये. नकलेपेक्षा स्वस्त, आणि सुटे भाग गावातच!

नातवानं ती खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला खाली ठेवली आणि म्हणाला, "आबा, हे घेऊन पणजोबा डोंगर चढले?" मी म्हटलं, हो, आणि पाठीवर सामान वेगळं. मग त्याला नामदेव जाधवांची गोष्ट सांगितली. मराठा पलटणीच्या ह्या शिपायाला ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर गाजवलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्या दिवशी त्यांनी आधी काय केलं, तर गोळीबारातून आपली जखमी माणसं उचलून सुरक्षित जागी आणली. त्यानं ती गोष्ट भाषणात घातली.

पुण्याला जायच्या दिवशी तो आपणहून रायफल घेऊन आक्कांच्या कट्ट्यावर गेला. तोंड जमिनीकडं करून दोन्ही हातांनी पुढं धरली. आक्कांनी आधी केशरी टोकाला हात लावून बघितला. मग मांडीवर घेतली.

"लई जड हाय की रं," म्हणाल्या.

कुणाच्या घरी पलटणीतल्या माणसाचा फोटो असेल तर रायफलीचं नाक जरूर बघा, वर सांगितलेली खूण लक्षात ठेवा. आणि नातवंडासाठी नक्कल घ्यायचीच असेल, तर एकदा ती आपल्याकडं रोखून धरायला सांगा. मग ठरवा.