अज्ञात घट आणि दिवसपाळीचे टेबल

एखाद्या व्यक्तीची कुवत तिच्या प्रत्यक्ष कामावरून न जोखता तिच्या वयावरून, लिंगावरून, जातीवरून किंवा बोलण्याच्या धाटणीवरून आधीच ठरवून टाकली जाते, आणि मग तिला द्यायचे कामही त्याच मापाने कापले जाते, तेव्हा त्या व्यवहाराला येथे अवमूल्यन म्हटले आहे. अशा अवमूल्यनातून सामर्थ्य निर्माण झाल्याच्या कथा नेतृत्वविषयक पुस्तकांत आणि प्रशिक्षणवर्गांत मोठ्या हौसेने सांगितल्या जातात, आणि त्यांत बहुधा सगळे श्रेय जिद्दीला देऊन विषय आटोपला जातो. प्रस्तुत लेखिकेने कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारीपासून नोकरी केली आणि कालांतराने त्याच प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळली. त्या अनुभवाच्या आधारे पाहता जिद्दीचा वाटा बेताचाच दिसतो, आणि कमी लेखलेल्या माणसाला संस्था ज्या जागी बसवते त्या जागेवरून काय दिसते, हा प्रश्न कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरतो.

या जागेचे स्वरूप मुळात कायद्याने ठरवलेले होते. कारखाने अधिनियम, 1948 याच्या कलम 66 नुसार स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेबाहेर कारखान्यात काम देण्यास मनाई होती, आणि महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनंतरच काही अटींवर रात्रपाळीची वाट मोकळी झाली. साखर कारखाना मात्र गाळप हंगामात अहोरात्र चालतो. लेखिकेच्या कारखान्यात पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते पहाटे चार अशा तीन पाळ्या होत्या, त्यामुळे त्यांपैकी एकही पाळी कायद्याच्या चौकटीत पुरती बसत नव्हती. बॉयलिंग हाऊसची, म्हणजे रसापासून साखरेपर्यंतची सर्व प्रक्रिया जेथे होते त्या विभागाची, पाळी सांभाळल्याशिवाय मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टला कोणी केमिस्ट मानत नसे. आणि ज्या उमेदवाराला पाळीच देता येत नाही त्याला जनरल पाळीत, म्हणजे दिवसाच्या कार्यालयीन वेळेत, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, आकडे जुळवण्याचे काम देण्याची रीत होती. खात्यात त्या कामाला कारकुनी समजत. बाईमाणसाला हे बरे, उन्हातान्हाचे नाही आणि रात्रीबेरात्रीचे नाही, असे वरिष्ठ म्हणत, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट होता असेही म्हणता येत नाही. अवमूल्यन अनेकदा काळजीच्याच भाषेत बोलते आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडणे अवघड जाते.

या टेबलावरचे काम म्हणजे रोजचा उत्पादन अहवाल तयार करणे. तिन्ही पाळ्यांच्या केमिस्टनी नोंदवलेला ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे शेकडा प्रमाण. पोल, म्हणजे पोलॅरिमीटरवर मोजलेले साखरेचे प्रमाण. या दोहोंच्या गुणोत्तरातून निघणारी शुद्धता. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, गाळात आणि अंतिम मळीत वाया गेलेली साखर. हे सारे एकत्र करून सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवावे लागे, आणि हंगामाच्या शेवटी याच नोंदींतून आर.टी. 8 सी या नावाने ओळखला जाणारा अंतिम अहवाल उभा राही. पाळीवरच्या केमिस्टला आपल्या आठ तासांपलीकडचे काही दिसत नसे, कारण पाळी संपली की वही मिटून तो घरी जाई. मुख्य केमिस्टला दिवसाची सरासरी दिसे. कार्यकारी संचालकांना उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे मिळालेल्या साखरेचा आकडा, तेवढाच पाहायला वेळ असे. तिन्ही पाळ्यांचे तासातासाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून रोज वाचणारी जागा संपूर्ण कारखान्यात एकच होती, आणि ती सर्वांत बिनमहत्त्वाची समजली गेल्यामुळे लेखिकेच्या वाट्याला आली होती.

साखरेच्या हिशेबात अज्ञात घट नावाची एक नोंद असते. उसातून आलेल्या एकूण साखरेतून तयार साखर आणि बगॅस, गाळ व मळीतली मोजता आलेली घट वजा केल्यावर जे उरते ते या नावाखाली लिहिले जाते. वजनकाट्यातली चूक, नमुना नीट न घेणे, गळती, रस फार वेळ तापल्यामुळे सुक्रोजचे विघटन होणे, अशी अनेक कारणे तिच्या पोटात दडलेली असतात. आकडा लहान दिसतो, परंतु दिवसाला 5000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उसाच्या वजनाच्या 0.1 टक्का घट म्हणजे 5 टन साखर होय. उसाचा रास्त व किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे, आणि 2022-23 च्या हंगामापासून त्याचा पायाभूत उतारा 10.25 टक्के धरला गेल्यामुळे, ही घट शेवटी सभासद शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोचते. लेखिकेच्या सुरुवातीच्या एका हंगामात ही अज्ञात घट वाढत गेली. खात्याने रसाचा काटा तपासला, पंपांचे ग्लँड बदलले, पण मोलाचे काही हाती लागले नाही. तासातासाच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र एक गोष्ट ठळक दिसत होती: पॅनबुकात, म्हणजे प्रत्येक पॅन केव्हा चढला (भरून उकळू लागला) आणि केव्हा सुटला (रिकामा केला गेला) याच्या नोंदवहीत, पाळी संपण्याच्या आधीच्या तासाभरात पॅन सुटण्याची गर्दी होती, आणि रात्रीच्या पाळीत ती सर्वांत जास्त होती.

या गर्दीचा अर्थ वहीत लिहिलेला नव्हता. तो पॅन स्टेशनवर कळला. पॅन म्हणजे निर्वात अवस्थेत दाट रस उकळून त्यात साखरेचे दाणे वाढवण्याचे मोठे भांडे, आणि ते चालवणारा पॅनमन हा कोणत्याही पदवीवाचून तयार झालेला कसबी माणूस असतो. प्रूफस्टिकने काढलेला नमुना तो काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरतो, दाण्यांची सरळ धार आणि मधल्या पाकाचा रंग पाहतो, मग थोडा मासेक्विट, म्हणजे दाणे आणि मळी यांचे ते दाट मिश्रण, अंगठा व तर्जनी यांत धरून बोटे फाकवतो आणि तार किती लांबते व कोठे तुटते यावरून वाफ ठेवायची की तोडायची हे ठरवतो. केमिस्ट साहेब जवळ आले की हे लोक बोलणे थांबवीत. वही घेऊन आकडे उतरवायला आलेल्या बाईंसमोर मात्र थांबण्याचे कारण नव्हते. आपल्या पाळीत किती पॅन सुटले यावर आपली पत ठरते, चढवलेला पॅन पुढच्या पाळीच्या नावावर जाऊ नये म्हणून शेवटच्या तासात वाफ पुरी उघडावी लागते आणि मग पॅन कसा उसळतो, हे सारे तेथे उघडपणे, काहीशा फुशारकीनेही बोलले जाई. पॅन असा जोराने उसळला की वाफेबरोबर रसाचे बारीक थेंब, ती वाफ पाण्याने थंड करणाऱ्या कंडेन्सरकडे ओढले जातात आणि साखर थंड पाण्यात मिसळून निघून जाते. ही गोष्ट शर्करा तंत्रज्ञानाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, परंतु ती कोणत्या तासाला आणि कशापायी घडते हे पाठ्यपुस्तकात नसते.

खात्री करण्याची पद्धत साधी आहे. कंडेन्सरच्या पाण्याच्या नमुन्यात अल्फा-नॅफ्थॉलच्या द्रावणाचे काही थेंब टाकून परीक्षानळी तिरपी धरतात आणि तिच्या काचेवरून तीव्र गंधकाम्ल हळूच तळाशी सोडतात. पाण्यात साखरेचा अंश असल्यास दोन थर मिळतात तेथे जांभळे कडे उमटते, आणि अंश जितका अधिक तितके ते गडद होते. खात्यात ही परीक्षा दिवसा, सोयीच्या वेळी होत असे, आणि तेव्हा कडे फिके येई. रात्रीच्या नमुन्यांसाठी लेखिकेला स्वतः थांबता येत नव्हते, म्हणून प्रयोगशाळेतल्या सॅम्पल बॉयला, म्हणजे नमुने गोळा करणाऱ्या हंगामी कामगाराला, ठराविक वेळांना बाटल्या भरून वेळेची चिठ्ठी चिकटवून ठेवायला सांगितले गेले. सकाळी ओळीने मांडलेल्या नळ्यांत पहाटे तीन ते चार या वेळेची नळी दुरूनही ओळखू येत होती. येथे एक गोष्ट नोंदवणे न्याय्य ठरेल, की या साऱ्या शोधातला सर्वांत कष्टाचा भाग ज्याने केला तो लेखिकेपेक्षाही कमी लेखला गेलेला होता, आणि त्याचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही.

सापडलेली गोष्ट मांडायची कशी, हा नेतृत्वाच्या दृष्टीने खरा प्रश्न होता. बैठकीत उभे राहून बोलल्यास कारकुनी करणाऱ्या बाईंनी पॅनमनवर आरोप केला एवढाच त्याचा अर्थ लागला असता, आणि ज्यांनी मोकळेपणाने सांगितले त्यांच्यावर कारवाई झाली असती. त्याऐवजी रोजच्या अहवालात ‘कंडेन्सर पाण्यातील साखर, वेळेनुसार’ असा एक रकाना वाढवला गेला. त्यावर शेरा नव्हता आणि कोणाचे नावही नव्हते. काही आठवडे त्याकडे कोणी पाहिले नाही. मग कार्यकारी संचालकांनीच त्या रकान्यावर बोट ठेवून विचारणा केली, आणि प्रश्न वरून आल्यामुळे त्याचे उत्तर ऐकून घेतले गेले. पॅनचे श्रेय चढवणारी आणि सोडणारी अशा दोन्ही पाळ्यांत वाटण्याची पद्धत सुरू झाली, शेवटच्या तासाची घाई ओसरली आणि घट पूर्वीच्या पातळीकडे परतली. त्या हंगामाच्या आढाव्यात या सुधारणेचे श्रेय दुसऱ्याच नावावर नोंदले गेले. अवमूल्यनाच्या आडोशाला राहून काम साधता येते, पण त्या आडोशाचे भाडे श्रेयाच्या रूपाने चुकते करावे लागते, आणि हा हिशेब प्रशिक्षणवर्गांतल्या कथांमध्ये सहसा सांगितला जात नाही.

समाजशास्त्रात या प्रकाराला जवळची असलेली संकल्पना भूमिदृष्टी या नावाने ओळखली जाते. सत्तेच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असलेल्यांना, त्यांच्या त्या स्थानामुळेच, वरच्यांना न दिसणारे वास्तव दिसू शकते, असे तिचे थोडक्यात म्हणणे आहे. पुण्याच्या विदुषी शर्मिला रेगे यांनी 1990 च्या दशकात दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली, तेव्हा तिचा रोख जात आणि लिंग यांच्या एकत्रित दडपणाकडे होता. पदवी आणि कायम नोकरी असलेल्या लेखिकेचा अनुभव त्या दडपणाच्या तोलाचा नाही, आणि त्या संकल्पनेचा येथे केवळ एक धागा उचलला आहे. तो धागा असा, की दृष्टी आपोआप मिळत नाही. त्याच टेबलावर आधी बसलेल्यांनीही तेच आकडे उतरवले होते.

याच संदर्भात कमला सोहोनी यांचे उदाहरण पुष्कळदा दिले जाते आणि पुष्कळदा चुकीच्या अर्थाने दिले जाते. मुंबईहून पदवी घेऊन 1933 मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी माघार न घेतल्यावर वर्षभर परिवीक्षेवर, सहकारी पुरुषांचे लक्ष विचलित न करण्यासारख्या अटींवर तो दिला. पुढे 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या आणि नीरेच्या पोषणमूल्यावर काम करणाऱ्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंना त्या वागणुकीने बळ दिले, असे म्हणणे म्हणजे अपमान करणाऱ्यालाच गुरुदक्षिणा देण्यासारखे आहे. उतारवयातही त्यांनी त्या वागणुकीचे दुःख जाहीरपणे बोलून दाखवले होते. नाकारले जाण्यात त्यांना कोणतीही उपयोगी जागा मिळालेली नव्हती. जे मिळवले ते नकार असूनही मिळवले. लेखिकेच्या बाबतीत नकाराबरोबर एक टेबल मिळाले, आणि हा फरक योगायोगाचा आहे.

टेबलावरून मिळालेल्या या सामर्थ्याला मुदत असते, हे लेखिकेला प्रयोगशाळेची सूत्रे हाती आल्यानंतर उमगले. पॅन स्टेशनवर पाऊल ठेवताच पॅनमन उभे राहू लागले, चहाचे ग्लास बाजूला सरकू लागले, आणि पूर्वी बाईंसमोर सहज निघणाऱ्या गोष्टींऐवजी ‘सगळं व्यवस्थित आहे, मॅडम’ एवढेच ऐकू येऊ लागले. मान मिळाला आणि माहिती आटली. उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या गेल्या. सॅम्पल बॉयने आणलेल्या रात्रीच्या नोंदीखाली त्याचे नाव लिहिण्याचा नियम झाला, त्यामुळे त्याला त्या नोंदीविषयी बोलण्याचा अधिकारही आला. आणि खात्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या केमिस्टने, मग तो पुरुष असो वा स्त्री, पाळीवर जाण्याआधी एक संपूर्ण हंगाम सकाळच्या त्याच टेबलावर काढावा असे ठरवण्यात आले. या दुसऱ्या नियमाला विरोध झाला. पदवीधर मुलाला कारकुनी का, अशी तक्रार एका उमेदवाराच्या घरून थेट संचालक मंडळापर्यंत गेली, आणि मंडळाने खुलासा मागितला तेव्हा उत्तरादाखल जुन्या हंगामातला तो वाढवलेला रकाना आणि त्याखालचे घटीचे आकडे जोडून पाठवण्यात आले. नियम राहिला. त्या उमेदवाराने हंगामाच्या मध्यावर बगॅसच्या नमुन्यांच्या वेळांत एक विसंगती दाखवून दिली, तिची छाननी करण्यासाठी मिलच्या फोरमनला बोलावले गेले आणि त्यातून पुढे मिलवर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचे वेळापत्रकच बदलावे लागले.